आवडीवहिनीची तालीम

महाडला एका लग्नात पंगत बसली होती. वाढप्याच्या हातनं आमटीची पळी सुटली आणि खण्णकन फरशीवर पडली. बाकीच्यांनी नुसत्या माना वळवल्या. आम्ही चौघं मात्र पानावरनं ताडकन उठलो, दोन पावलं मागं सरलो आणि दोन्ही हात वर करून उभे राहिलो, पोलिसांची धाड पडल्यासारखे. मी, दत्ताराम, रामा आणि साहिल. माझ्या हातात अर्धी जिलबी होती, तीपण वर. समोर बायकांच्या ओळीत आणखी एक जण तशीच उभी. दत्तारामची बायको, आमची आवडीवहिनी.

नवरदेवाचा मामा घाबरून बोलला, "काय ओ, काय झालं? विंचू हाय का?"

"नाय ओ मामा," मी बोललो. "आमच्यात जेवताना एवढा व्यायाम करतात."

पंगत हसली. वहिनी नाय हसली. पाढे ऐकून झाल्यावर मास्तरीण बघते तशी तिनं आम्हा चौघांवरनं नजर फिरवली, खाली बसली आणि वरणभात कालवायला घेतला. पास झालो आम्ही.

आता हे काय खूळ, ते सांगतो.

आमचा कारखाना पोलादपुरात, हायवेला लागून. कारखाना आपलं बोलायचं, बाकी पत्र्याची शेड हाय. ट्रकच्या स्प्रिंगचे जुने पाटे आणतो, भट्टीत लाल करतो, ठोकतो, घासतो आणि त्याचे कोयते, विळे, स्वयंपाकाच्या सुऱ्या करतो. आम्ही कोण पिढीजात लोहार नाय, शेतीवाली माणसं. दत्ताराम साकीनाक्याला सुऱ्यांच्या कारखान्यात पंधरा वर्षं होता, तिथनं कसब घेऊन आला. रामा त्याच्या वाडीतला, भांडुपला वॉचमनकी करून कंटाळलेला. त्याला दत्तारामनं घासायला शिकवलं, आणि आता असा घासतो की पात्यात बघून भांग पाडून घ्यावा. साहिल पंचवीस वर्षांचा. पॉलिश मारतो आणि आमची पिकअप चालवतो. चारचाकी येणारा आमच्यात तो एकटाच. पण एवढा सहा फुटी गडी, रक्त बघितलं की आडवा. कोंबडी कापताना पाठ फिरवतो आणि रस्सा मात्र दोनदा मागतो. आणि मी भिकू. मुठी बसवतो, बाजारात माल विकतो आणि उरलेल्या वेळात लोकांची फजिती करतो. पन्नाशी आली तरी खोड जात नाय.

चार वर्षांमागं खंडेनवमीला दत्तारामचा हात गेला. त्या दिवशी आम्ही सगळी हत्यारं धुऊन पुसून पाटावर मांडतो, हळदकुंकू लावतो, झेंडू वाहतो. पूजा झालेलं हत्यार भुईवर पडू द्यायचं नाय. त्या वर्षी पाटावरनं एक कोयता सरकला. आदल्या दिवशी पडला असता तर दत्तारामनं ढुंकून बघितलं नसतं. पण कुंकू लावलेला कोयता पडू कसा द्यायचा? त्यानं तो हवेतच झेलला. डाव्या हातानं. धारेकडनं.

पुढचं आणखी वाईट. दत्तारामची आई बनुबाई, हिनं पूजेतलीच मूठभर हळद जखमेत कोंबली, वरनं कॉफी, वरनं धडपा आवळला. रक्त थांबलं. सगळे खूश. मीपण खूश, खोटं कशाला बोलू, कॉफीची पुडी मीच दातानं फोडून दिली होती. तीन आठवड्यांनी जखम भरली आणि बघतो तर करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वाकायलाच तयार नाय. डॉक्टर बोलले, बोटं वाकवणारी आतली दोरी तुटून मागं सरकली. त्याच दिवशी आला असतात तर जोडली असती.

वहिनी तवापर्यंत घर, शेत आणि म्हशी बघायची. शेडमध्ये यायची ती डबा घेऊन. त्या दिवशी डॉक्टरकडनं ती थेट शेडमध्ये आली, पदर खोचला आणि आम्हाला समोर उभं केलं.

"कारखाना आता मी बघणार," ती बोलली. "ह्यांचा हात गेला तेवढा बस. ह्या शेडमध्ये आणखी एकाचा जरी हात कामातनं गेला, तर त्याच दिवशी शटर खाली. मशिनी भंगारात घालीन, पण परत उघडायची नाय. देवीपुढं शपथ घेऊन आलीय."

रामाचं तोंड उतरलं. शटर खाली म्हणजे त्याला परत भांडुप, परत ती शिट्टी आणि काठी. साहिलला परत कुठल्यातरी कंपनीची पाळी. मला तर ह्या वयात कोण उभं करणार? आणि वहिनी शपथ घेऊन विसरणारी बाई नाय, हे अख्ख्या पोलादपूरला ठाऊक.

आठ दिवस ती नुसती स्टुलावर बसून होती. आमच्या तोंडाकडं बघायचीच नाय, फक्त हातांकडं. कोणाचा हात कधी कुठं जातो, ते बघत बसायची. मला वाटलं, बाई काय शिकणार स्टुलावर बसून. तिला खूश करायला मी महाडवरनं चामड्याचे हातमोजे आणले, चार जोड.

"भावजी, ह्यातला एक द्या," ती बोलली. तिनं तो मोजा एका काठीच्या टोकावर चढवला आणि फिरत्या पॉलिशच्या चाकाला हळूच लावला. चाकानं मोजा असा ओढला, की काठी तिच्या हातातनं सुटून पत्र्याला लागली आणि मोजा दिसेनासा झाला.

"ह्यात बोटं असती तर?" वहिनी बोलली. "हे भट्टीवर घाला. चाकापुढं नाय."

आठ दिवसांत तिनं हे ओळखलं. आम्ही इतकी वर्षं त्या चाकापुढं उभे होतो.

मंग एकेक नियम निघाले. मनगटातले गंडेदोरे दारातल्या खिळ्याला टांगून आत यायचं, कारण दोरा चाकात गेला की पाठोपाठ हात जातो. पात्याला धार आली की लगेच वरनं चिकटपट्टी, मंग मूठ बसवा. भोक पाडायचं तर पातं वाईसच्या लोखंडी जबड्यात आवळून, हातात धरून नाय. आणि सगळ्यात मोठा नियम: हातातनं काय पडलं की झेलायचं नाय. हात वर, पाय मागं.

ह्या शेवटच्या नियमावर बनुबाई उसळली. "अगो, लोखंड म्हणजे आपली लक्ष्मी! ती भुईला पडताना नुसती बघत ऱ्हायची?"

वहिनीनं वाद घातला नाय. चार दिवसांनी तिनं अख्ख्या शेडमध्ये जुन्या रबराच्या पट्ट्या अंथरल्या. "आई, आता भुई कुठं हाय सांगा. लक्ष्मी गादीवर पडते." म्हातारीनं पायानं रबर दाबून बघितलं आणि गप बसली.

हात वर करायची सवय मात्र सहज नाय लागली. ती लावली मी. येताजाता चमचा पाड, डबा पाड, पाना पाड. साहिल मोबाईल झेलायला गेला की मी ओरडायचो, "गेली रे करंगळी!" सहा महिन्यांत अशी गत झाली, की घरी बायकोच्या हातनं लाटणं पडलं तरी रामा भिंतीला पाठ लावून उभा. लग्नातली पळी ती ह्याच सवयीत सापडली.

तर आता माझी मोठी गंमत. गेल्या वर्षी एप्रिलात घरी कोकमाचं आगळ काढलं होतं. लालभडक, दाट. एक बाटली खिशात घालून आणली, तळहातावर ओतली, कानस खाली टाकली आणि बोंबललो, "मेलो! मेलो रे!"

काय धावपळ! साहिलनं बघितलं आणि भुश्याच्या पोत्यावर पसरला. दत्ताराम पाण्याचा हंडा शोधतोय, हंडा त्याच्या पायाशी. रामा माझा हात धरून त्यावर फुंकर मारतोय, जसा काय चहा निववतोय. बनुबाई हळदीचा डबा घेऊन धावत आली, ह्या वयात! एकट्या वहिनीनं माझं मनगट पकडलं, हात डोक्याच्या वर नेला आणि रुमाल दाबला. मंग थांबली. स्वतःची बोटं नाकाला लावली.

मला वाटलं, झालं, आज काठी पडणार.

"परत करा," वहिनी बोलली.

"आँ?"

"परत करा हे. पुढच्या महिन्यात, त्याच्या पुढच्या महिन्यात. कधी ते मलापण सांगू नका. बघितलंत ना आपली माणसं? एक पडला, एक फुंकर मारतोय, एक हळद आणतेय. खरंच लागलं असतं तर परत तेच झालं असतं."

दत्ताराम बोलला, "अगो, ह्या येड्याला आणखी चढवतेस?"

"येडा हाय म्हणूनच. शहाण्याला एवढं बोंबलता येत नाय."

अशी माझी खोड कामाला लागली. आयुष्यभर लोकांच्या शिव्या खाल्ल्या त्याच गोष्टीसाठी, आणि आता वरनं हुकूम! वहिनीनं प्रत्येकाला काम वाटून दिलं. ती स्वतः जखम दाबणार, हात उंच धरणार, बोटातली अंगठी सुजायच्या आत साबणानं काढणार. बनुबाई उकळून वाळवलेल्या फडक्यांचा डबा आणणार. हळदीचा डबा घरी गेला. दत्ताराम दवाखान्यात फोन करणार. साहिल गाडी काढून फाट्यापर्यंत नेणार. आणि वर एक अट. खरं का खोटं, हे कोणी विचारायचं नाय. आधी काम, मंग हसा.

मी पण कलाकार माणूस. एकदा मी पडायचो, एकदा दत्तारामला पटवायचो, एकदा बनुबाईलाच विळीपुढं बसवली. म्हातारी अशी विव्हळली की शेजारचा पंक्चरवाला धावत आला. साहिल पहिल्या दोन वेळा आगळ बघूनसुद्धा आडवा झाला. तिसऱ्या वेळी नुसता पांढरा पडला. पाचव्या वेळी त्यानं माझ्या कोपरावरचा थेंब बोटानं पुसला, चाटला आणि बोलला, "काका, मीठ कमी पडलंय."

वहिनी घड्याळ लावून बसायची. पहिल्यांदा गाडी सुरू व्हायला अकरा मिनटं लागली. यंदाच्या श्रावणात चार.

आणि भाद्रपदात ते झालं.

दुपारची वेळ. वहिनी आणि दत्ताराम मागं भट्टीवर. डोंगरातल्या वाडीवरनं एक म्हातारबाबा आजोबाचा कोयता घेऊन आले. मूठ कुजलेली, पातं मात्र अजून असं, की बघूनच अंग आक्रसावं. नवी मूठ हवी होती, आणि बाबांची एसटी सुटायला वीस मिनटं. रामानं चिकटपट्टीचं बंडल उचललं.

"नको रे बाबा," म्हातारा बोलला. "देव्हाऱ्यातला कोयता हाय. दसऱ्याला पुजतो आम्ही त्याला. तसलं चिकटवू नको त्याच्यावर."

रामा देवभोळा. त्यानं बंडल ठेवलं, कोयता कपाळाला लावला. वाईसमध्ये आवळला तर देवाच्या हत्याराला वळ उठतील, असं वाटलं असणार, म्हणून हातातच धरला. "मुठीच्या खिळ्यापुरतं एकच तर भोक पाडायचंय," असं काहीतरी पुटपुटला आणि ड्रिल चालू केलं. मी बाजूला लाकूड घासत होतो. मी बघितलं. पट्टी नाय, वाईस नाय. बोलायला तोंड उघडलं होतं. पण म्हाताऱ्याला एका कंडक्टरची गंमत सांगत होतो, तिचा शेवट राहिला होता.

ड्रिल आरपार गेलं आणि भोकात अडकलं. कोयता पंख्यासारखा फिरला.

रामानं सोडला. झेलला नाय, सोडला. हात वर, पाय मागं, जसं शिकवलं तसं. कोयता रबरावर पडला. पण त्याच्या आधीच रामाच्या उजव्या अंगठ्याच्या बुडाशी धार लागून गेली होती. रामा दोन्ही हात वर करून उभा, आणि एका हातावरनं लाल धार कोपरापर्यंत येते.

तो ओरडलापण नाय. माझ्याकडं बघून हळूच बोलला, "भिकू, हे आगळ नाय रे."

मी साहिलकडं बघितलं. तो पॉलिशवरनं वळला होता, आणि हसत होता. "काय काका, आज रामाकाकांना घेतलंत व्हय?"

मला एक श्वास घ्यायला जेवढा वेळ लागतो तेवढाच मिळाला. ह्याला कळलं तर हा आडवा. हा आडवा झाला तर गाडी कोण चालवणार? बाहेरनं गाडी बोलवायची तर अर्धा तास. मी साहिलला डोळा मारला. आयुष्यात लई डोळे मारले, एवढा जड कधी गेला नव्हता.

"ए, रगत! अरे रगत!" म्हातारबाबा ओरडले.

"घाबरू नका बाबा," साहिल बोलला. "आगळ हाय ते. आमच्याकडं दर महिन्याला असतं." आणि चावी घेऊन पळाला.

वहिनी आली. फडकं दाबलं, हात वर धरला. मंग मी तिचं नाक बघितलं. आगळाचा आंबट वास येतो, हिला तो आला नाय. तिनं माझ्याकडं बघितलं.

"भावजी, आज आगळ कुठलं आणलंत?"

"ताजं हाय वहिनी. आत्ताच काढलंय."

पापणी लवते तेवढाच वेळ तिचा चेहरा राख झाला. मला वाटलं, आता ही कोसळणार, चार वर्षांची शपथ हिच्या डोळ्यापुढनं चाललीय. पण ती बाहेर तोंड करून, रोजच्या आवाजात ओरडली, "साहिल! आज फाट्यापर्यंत नाय, पार महाडपर्यंत न्यायची. किती मिनटं लागतात ते बघायचंय मला!"

"एवढं डिझेल?" तिकडनं आवाज.

"तोंड बंद, गाडी चालू!"

बनुबाईनं फडक्यांचा डबा दिला. म्हातारीला पण कळलं होतं. "त्याला घोटभर चहा तरी..."

"नको आई. भूल द्यायची तर पोट रिकामं लागतं." वहिनीनं बोलता बोलता रामाच्या बोटातली तांब्याची अंगठी साबणानं काढून कमरेला खोचली. दत्तारामचा फोन चालू होताच. त्यानं पाठ फिरवून, अगदी हळू आवाजात सांगितलं, "नाय डॉक्टर, आज खरं हाय. अंगठा."

पुढं साहिल, मध्ये रामा, कडेला वहिनी रामाचा हात गाडीच्या टपाला टेकवून. मी मागं हौद्यात, काचेच्या खिडकीतनं तोंड आत घालून. साहिल खुशीत. रामाच्या कपाळावर घामाचे थेंब.

"रामाकाका, ॲक्टिंग एक नंबर! घाम कसा आणलात ओ?"

"तू... पुढं बघ," रामा दात आवळून बोलला.

"आवाजपण काढतायत! भिकूकाका, तुमच्यापेक्षा भारी हायत हे."

"माझाच चेला हाय," मी बोललो. आणि मंग मी सुरू झालो. त्या कंडक्टरची गंमत सांगितली, मामाच्या विंचवाची सांगितली, माझ्या लग्नात घोडा कसा पळाला ते सांगितलं, जे खोटं हाय, माझ्या लग्नात घोडा नव्हताच. बोलायचं थांबलो की गाडीत रामाचा श्वास ऐकू येत होता, म्हणून थांबलोच नाय. वहिनी मध्ये मध्ये हसायची. खरंच हसायची, आवाज काढून. तिचा एक हात रामाचा तळवा असा दाबून होता की नखं पांढरी पडलेली.

फडक्यातनं एक थेंब गळला, गिअरच्या दांड्यावर पडला. साहिलनं सवयीनं बोटानं पुसला आणि बोट तोंडाकडं न्यायला लागला.

फाट! वहिनीनं त्याच्या हातावर चापट मारली. "गाडी चालवताना खायचं नाय!"

"सॉरी वहिनी," साहिल बोलला आणि बोट पँटला पुसलं.

दवाखान्याच्या दारात त्यानं ब्रेक मारला, घड्याळ बघितलं आणि नाचायचाच बाकी राहिला. "एकवीस मिनटं! वहिनी, एकवीस!" तो आमच्या मागोमाग आत आला, टाळी मागायला. नर्सनं फडकं उघडलं. साहिलनं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि शेजारच्या वजनकाट्यावर उभाच्या उभा कोसळला.

"ह्यांना काय झालं?" नर्स बोलली.

"काय नाय," मी बोललो. "ह्यांना आत्ता कळलं."

पनवेलवरनं हाताचे डॉक्टर संध्याकाळी आले. दोन तास आत होते. बाहेर येऊन बोलले, "अंगठा वाकवणारी दोरी तुटली होती, जोडलीय. जखम स्वच्छ, हळद नाही, कॉफी नाही, पोट रिकामं. इतकं व्यवस्थित कोणी केलं?"

वहिनीनं उलट विचारलं, "वाकेल ना?"

"सहा आठवड्यांनी पट्टी काढू. मग सांगता येईल."

अंगठ्याचा निकाल लागेपर्यंत, ते सहा आठवडे, शटर अर्धं खाली. मुठींना तेल लावायचं, माल बांधायचा, एवढंच काम. चाकं बंद, भट्टी बंद. दसरा आला आणि गेला, हत्यारं पुजली ती थंडच. बनुबाईनं सुचवलं, देवीला नारळ दे आणि शपथ मागं घे. वहिनी बोलली, "देवी सोडेल मला, आई. मी कशी सोडू? रोज जेवताना ह्यांचा हात समोर असतो."

रामा हात गळ्यात बांधून रोज यायचा आणि पोत्यावर बसून राहायचा. महाडजवळच्या सव गावातल्या गरम पाण्याच्या कुंडात हात बुडवला की मोकळा होतो, असं त्याला कोणीतरी सांगितलं. वहिनीनं त्याच्याकडं नुसतं बघितलं आणि तो विषय संपला. ती त्याला एका शब्दानं रागावली नाय. तेच त्याला सोसेना.

"वहिनी, दोन शिव्या तरी द्या."

"अंगठा वाकला की देते. तयार ठेवल्यात."

मला मात्र तिनं दुसऱ्याच दिवशी बाजूला घेतलं होतं. "तुम्ही बघितलं होतंत ना, पट्टी नाय ते?"

"व्हय."

"मंग?"

"गंमत सांगत होतो."

वहिनी आत गेली आणि कामाला लागली. शेजारच्या वेल्डिंगवाल्याकडनं तिनं ड्रिलच्या टेबलावर वाईस अशी जोडून घेतली, की हातात धरून भोक पाडायला जागाच उरली नाय. वाईसच्या दोन्ही जबड्यांना चामडं लावलं, वळ उठायला नको म्हणून. आणि एका सकाळी ती खणाचं कापड घेऊन बसली, स्वतःच्या चोळीसाठी घेतलेलं, हिरवं, लाल काठाचं. आतनं जाड चामडं, बाहेरनं खण, अशी कोयत्याच्या मापाची खोळ शिवली.

"हे कशाला?" दत्तारामनं विचारलं.

"देव्हाऱ्यातल्या हत्याराला चिकटपट्टी नको वाटते ना लोकांना? बरोबरच हाय. मलापण नको वाटली असती. पण खणाला कोण नाय बोलतो सांगा."

म्हातारबाबा आपला कोयता न्यायला आले. खोळ बघितली आणि दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावली. मूठ मात्र जुनीच, कुजलेली. "पोराचा हात बरा झाला की बसवा," बोलले. "मी थांबतो."

मी लई माणसं बघितलीत. हुशार बघितलीत, तोंडाळ बघितलीत, मोठ्या खुर्चीतली बघितलीत. पण समोरच्याची चूक झाली तर त्याच्या श्रद्धेला दोष न देता, त्याच श्रद्धेला खोळ शिवणारी ही एकच बघितली. आणि ही बाई शटर पाडायला निघाली होती.

सहा आठवडे झाले. पट्टी काढायला रामा, वहिनी आणि मी. साहिल बाहेर गाडीत बसला, आत यायला तयार नाय. डॉक्टरांनी पट्टी सोडली. अंगठा पांढरा, सुरकुतलेला, टाक्यांची रेघ मनगटापर्यंत.

"करंगळीच्या टोकाला लावा बघू," डॉक्टर बोलले.

वहिनी खिडकीकडं गेली आणि पाठ करून उभी राहिली. खाली रस्त्यावर बघायला काय नव्हतं, एक रिक्षा होती.

रामानं डोळे मिटले. अंगठा हलला. थांबला. थरथरला. मंग हळूहळू, जशी म्हातारी उंबरा ओलांडते तसा, तळहातावरनं सरकत गेला आणि करंगळीला टेकला.

"वहिनी, टेकला!" मी ओरडलो.

ती वळली नाय. "भावजी, आज गंमत नको."

"देवाशपथ टेकला!"

"तुमच्या शपथेवर मी आठ आणे ठेवणार नाय."

"वहिनी," रामा बोलला.

मंग ती वळली. रामाच्या हाताकडं बघितलं, पण डोळ्यांवरपण तिचा विश्वास बसेना. जवळ आली आणि आपलं बोट त्याच्या अंगठ्यात आणि तळव्यात दिलं.

"दाब."

रामानं दाबलं.

"हे दाबणं झालं? कोयता असा धरणार हायस? जोरात दाब!"

"हळू, हळू," डॉक्टर बोलले. "नवीन आहे अजून."

पण रामाला आता कोण थांबवणार? सहा आठवडे पोत्यावर बसलेला माणूस तो. तोंड लालबुंद करून त्यानं असं दाबलं, की वहिनी एका पायावर उभी राहिली आणि अख्ख्या दवाखान्याला ऐकू जाईल अशी ओरडली, "सोड! सोड, मेल्या! बोट मोडलंस माझं! वाईस म्हणून ठेवलीय ती कशाला, तुला अक्कल कधी येणार, देवाचा कोयता हाय म्हणून हातात धरतोस, दगडा..."

सहा आठवड्यांच्या शिव्या एकदम सुटल्या. रामा हसतोय आणि रडतोय आणि बोट काय सोडत नाय. नर्स दारात येऊन शूऽ शूऽ करते. मी खिडकीतनं खाली वाकलो आणि साहिलला ओरडून सांगितलं, शटर वर करायला चल.